नेमकं काय घडलं? कामावरचा त्रास, मुलाखतीतल्या चुका आणि वाचन यांसाठी एकच वही

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दिवाबत्तीनंतर कुणी ना कुणी येऊन बसतं. कुणाची भाची, कुणाच्या शेजारचा मुलगा, कधी जुन्या कंपनीतला एखादा ट्रेनी. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात मी २२ वर्षं काढली, त्यामुळे नोकरीतलं काही अडलं की लोक हक्कानं विचारायला येतात.

अशीच एक मुलगी आली. "काकू, माझे साहेब फार वाईट वागतात."

"म्हणजे काय करतात?"

"सगळ्यांसमोर अपमान करतात. नेहमीच."

"शेवटचा कधी केला?"

ती अडखळली. रडवेली झाली. पंधरा मिनिटांनी एक प्रसंग हाती लागला. मंगळवारी इन्स्पेक्शन रिपोर्ट उशिरा मिळाला म्हणून साहेब पाच जणांसमोर तिला म्हणाले होते, "बेन, भणेला छो के नहीं?" शिकलेल्या आहात की नाही! बडोद्यात प्रत्येकाच्या नावामागे भाई किंवा बेन लागतं. त्यानं बोलणं मऊ होतं हे खरं, पण त्या 'बेन'च्या आडून काय काय बोललं जातं, तेही मी ऐकलेलं आहे.

तीन महिन्यांनी तीच मुलगी दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीची तयारी करायला आली. म्हटलं, स्वतःबद्दल सांग. "मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, सगळ्यांशी मिळून मिसळून काम करते." साहेब 'वाईट', आपण 'मेहनती'. दोन्हीकडे विशेषणं होती, घडलेलं काहीच नव्हतं. तिचा त्रास खरा होता आणि तिची मेहनतही खरी होती. पण समोरच्याला दोन्हींतलं काही दिसत नव्हतं, कारण काय घडलं ते सांगायची तिला सवयच नव्हती. ही सवय लावता येते. मी मुलांकडून ती कशी करून घेते, ते पुढे सविस्तर लिहिते.

वही कशी घालायची

एक शंभर पानी साधी वही आणा. पुढच्या बाजूनं कामावरचे खटकलेले प्रसंग लिहायचे आणि वही उलटी करून मागच्या बाजूनं आपण केलेली कामं. वही घरी ठेवायची. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हे काही लिहू नका, तो कॉम्प्युटर आपला नसतो. फोनवर लिहायचं असेल तर निदान तारीख-वेळ नोंदली जाईल अशा ठिकाणी लिहा. माझा अनुभव मात्र हातानं लिहिण्याच्या बाजूचा आहे. हात चालताना राग थोडा उतरतो.

प्रसंग त्याच दिवशी, झोपण्याआधी लिहायचा. तारीख, वेळ, जागा, समोर कोण कोण होतं, कोण काय बोललं. बोलणं ज्या भाषेत झालं त्याच भाषेत लिहा. गुजरातीत ऐकलेलं वाक्य मराठीत आणलं की त्याची धार एक तर कमी होते किंवा वाढते. आपण काय उत्तर दिलं तेही लिहा, आणि इथेच बहुतेक जण टाळाटाळ करतात. शेवटी, त्यामुळे कामाचं काय झालं ते एका ओळीत.

"साहेबांनी आज पुन्हा विनाकारण झापलं" ही नोंद दोन आठवड्यांनी तुमच्याच उपयोगाची राहत नाही. त्याऐवजी: "१२ तारीख, सकाळी ११.१०, असेंब्लीजवळ. आम्ही पाच जण होतो. साहेब म्हणाले (शब्द). मी म्हणाले, 'रिपोर्ट स्टोअरमधून आला नाही.' ते निघून गेले. रिपोर्ट ४ वाजता मिळाला, गाडी दुसऱ्या दिवशी गेली." यात वाईट, विनाकारण, नेहमी यांपैकी एकही शब्द नाही, तरी वाचणाऱ्याला सगळं कळतं.

मन मोकळं करायचं असेल तर वेगळं पान घ्या आणि तिथे हवं ते लिहा. तेही गरजेचं आहे. फक्त दोन्ही एका पानावर नको.

तीन आठवड्यांनी वही उघडा

तीन आठवडे नोंदी झाल्या की एका रविवारी शांतपणे सगळ्या वाचा. बहुतेक वेळा पहिल्यांदा तारखा बोलायला लागतात. वर सांगितलेल्या मुलीच्या वहीत दोन महिन्यांत सात नोंदी होत्या, त्यातल्या पाच महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांतल्या. मकरपुऱ्यात ज्यांनी काम केलंय त्यांना हे लगेच उमगेल. महिनाअखेरीला बिलिंगचं टार्गेट असतं, माल गेटबाहेर पडल्याशिवाय बिल होत नाही, गिऱ्हाईकाच्या इन्स्पेक्टरनं माल पास केल्याशिवाय तो बाहेर पडत नाही, आणि इन्स्पेक्शनचा कॉल, म्हणजे माल तपासायला या असं त्या इन्स्पेक्टरला बोलावणं, मात्र नेमका २६-२७ तारखेला दिलेला असतो. मग डिस्पॅचवाला क्वालिटीवर ओरडतो, क्वालिटीवाला स्टोअरवर.

म्हणजे तिच्या साहेबांचं बोलणं योग्य ठरलं का? मुळीच नाही. पण तिला दोन वेगळी कामं दिसली. एक, साहेबांशी त्या वाक्याबद्दल बोलणं. दुसरं, इन्स्पेक्शन कॉल २० तारखेच्या आत जावा म्हणून पंधरवड्यालाच यादी करून ठेवणं. दुसऱ्या कामानं पुढचे दोन महिनाअखेर बरेच शांत गेले.

वाचताना नोंदींचे गठ्ठे करा. काही माणसं मुळातच मोठ्यानं आणि तोडून बोलतात, सगळ्यांशीच. काही त्रास कामाच्या रचनेतून येतो, वरच्या महिनाअखेरीसारखा. काही वागणं मात्र ठरवून केलेलं असतं: तुमची माहिती अडवून ठेवणं, तुमच्या कामावर आपलं नाव घालणं, एकट्यालाच निवडून पाणउतारा करणं. आणि चौथा गठ्ठा कायद्यात गुन्हा किंवा छळ ठरणाऱ्या वागण्याचा. पहिल्या गठ्ठ्यातलं बरंचसं सोडून द्यायला शिका. चौथ्यातलं काहीही सोडू नका. त्याबद्दल पुढे स्वतंत्र लिहिते.

बोलायला जाताना

वेळ निवडा. महिनाअखेर नको, जेवणाच्या सुट्टीआधीची दहा मिनिटं नकोत, आणि शॉप फ्लोअरवर तर नकोच. दुपारचा चहा झाल्यावर केबिनमध्ये जाऊन "साहेब, पांच मिनिट मळशे?" एवढं पुरे. ज्या भाषेत रोजचं काम चालतं त्याच भाषेत बोला. भांडणापुरतं इंग्रजीत शिरणारी माणसं मी पाहिली आहेत, समोरचा तिथेच सावध होतो.

बोलायची वाक्यं तीन. काय घडलं, त्याचा कामावर काय परिणाम झाला, पुढे काय हवं. ती मुलगी घरी सात-आठ वेळा मोठ्यानं म्हणून गेली होती: "साहेब, १२ तारखेला असेंब्लीजवळ पाच जणांसमोर तुम्ही मला शिकलेल्या आहात की नाही असं विचारलंत. त्यानंतर ती मुलं माझ्याकडून चेकिंगचा निर्णय घेताना दोनदा तुमच्याकडे येतात. माझी चूक असेल तर केबिनमध्ये बोलावून सांगा, मी सुधारीन." एवढं बोलून थांबायचं. थांबणं सर्वांत अवघड. समोरचा गप्प राहिला की आपण घाबरून "तसं काही मनावर घेऊ नका साहेब" म्हणतो आणि केलेलं सगळं पाण्यात जातं.

"तुम्ही नेहमीच" आणि "सगळे म्हणतात" ही दोन वाक्यं घरी ठेवून जा. पहिल्यावर समोरचा एक अपवाद काढून दाखवतो, दुसऱ्यावर सगळ्यांची नावं मागतो.

तिच्या साहेबांनी माफी मागितली नाही. "काम वेळेवर करा" एवढंच म्हणाले. पण त्यानंतर चूक सांगायची वेळ आली तेव्हा त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. पुष्कळदा हाती एवढंच लागतं, आणि ते कमी नाही.

त्याच संध्याकाळी चार ओळींची मेल टाका: आज आपलं बोलणं झालं, अमुक ठरलं, त्याप्रमाणे मी करते. धन्यवाद. यात तक्रारीचा सूर नको आणि पहिल्याच मेलमध्ये मोठ्या साहेबांना सीसीत घेऊ नका. सीसी हे वरच्या दारात नेऊन उभं करणं आहे. ती पायरी पुढची.

आपल्या कामाचं श्रेय दुसरा नेतो, ही तक्रार माझ्याकडे सर्वांत जास्त येते. यावर मीटिंगमध्ये उसळून "हे मी केलंय" म्हणण्यानं फारसं साधत नाही. काम चालू असतानाच त्याचा माग ठेवायचा. ड्रॉइंगमधली चूक तुम्हाला सापडली ना, मग त्याच दिवशी संबंधितांना दोन ओळींची मेल: "अमुक ड्रॉइंगमध्ये अमुक माप जुळत नाही, सुधारित प्रत हवी." श्रेयाचा शब्दही नाही, पण तारीख तुमची. आठवड्याच्या शेवटी साहेबांना झालेल्या कामांची पाच ओळींची यादी पाठवायची सवय लावली तर ती कुणाला खटकत नाही. वार्षिक अप्रायझलच्या वेळी तीच यादी कामी येते.

आपलं काम दुसऱ्यावर ढकलणाऱ्याला सरळ नाही म्हणायची गरज नसते. "करते, पण मग आजचा रिपोर्ट उद्या जाईल, तेवढं साहेबांना तुम्ही सांगा," असं म्हणून पाहा. कुचाळक्या करणाऱ्यांजवळ बसायचं असेल तर बसा, आपलं वाक्य मात्र एकही टाकू नका.

बडोद्याचं म्हणून एक खास भांडण आहे, ते नवरात्रातलं. नऊ रात्री गरबा चालतो, सकाळच्या शिफ्टला माणसं उशिरा येतात, आणि गरब्याला न जाणारे नऊही दिवस त्यांची कामं ओढतात. दहाव्या दिवशी स्फोट होतो. मराठी माणसांचं तसंच गणपतीत, आणि उत्तरायणाला १४-१५ जानेवारीला तर सगळं गावच पतंग उडवायला गच्चीवर. आमच्याकडे ही भांडणं कुणाच्या स्वभावामुळे होत नव्हती, आधी कुणी बोलायचंच नाही म्हणून होत होती. मग आम्ही जुलैतच गणपती, नवरात्र, दिवाळी आणि उत्तरायण यांचा एक तक्ता भिंतीवर लावायला सुरुवात केली. कोण कधी सुट्टी घेणार, कोण कुणाची पाळी सांभाळणार, ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिहायचं. स्वतःच्या अक्षरातलं नाव माणूस सहसा मोडत नाही.

जे 'हाताळायचं' नसतं

आता चौथा गठ्ठा. इथे समजुतीची वाक्यं, योग्य वेळ, दुपारचा चहा, यांतलं काही लागू नाही.

कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. १० किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असावीच लागते. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री असते, निदान निम्मे सदस्य स्त्रिया असतात आणि एक सदस्य बाहेरचा असतो. माणसं १० हून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार लेखी करायची, घटनेपासून ३ महिन्यांच्या आत. प्रसंग पुन्हा पुन्हा घडत असतील तर शेवटच्या प्रसंगापासून. सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. चौकशी चालू असताना लेखी विनंती केली तर बदली किंवा ३ महिन्यांपर्यंतची रजा मिळू शकते, आणि ही रजा तुमच्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही. "मिटवून टाका, पैसे घ्या" असं कुणी सांगितलं तर ते कायद्यात बसत नाही. समेट फक्त त्या स्त्रीनं मागितला तरच करता येतो, आणि तोही पैशांच्या बदल्यात नाही.

तीन महिने म्हणजे फार नाहीत. कुठल्या तारखेला काय घडलं हे आठवतानाच कितीतरी दिवस जातात. वहीतली नोंद इथे सर्वांत मोलाची ठरते.

जातीवरून होणारा अपमान असाच. या गावात त्याचा विसर पडता कामा नये. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर सप्टेंबर १९१७ मध्ये इथे नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा कुणी देईना. पारशी सराईत नाव लपवून राहावं लागलं आणि तिथूनही अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. मग संध्याकाळपर्यंत ते कमाटी बागेत बसून राहिले. पुढे त्यांनी ही हकीकत लिहून ठेवली. कितवा दिवस, किती माणसं, हातात काय होतं, कोण काय बोललं, सगळं त्यात आहे. त्या बागेवरून जाताना मला दर वेळी वाटतं, एवढ्या बुद्धीच्या आणि एवढ्या तयारीच्या माणसाला या गावात काम करता आलं नाही. त्यात त्यांच्या वागण्या-बोलण्यात काय कमी होतं? काहीच नाही. म्हणून सांगते, जातीवरून कुणी टोमणा मारला तर 'संवाद सुधारण्याचे' उपाय शोधत बसू नका. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ पासून आहे. नोंद करा, साक्षीदारांची नावं लिहा, वकिलाला दाखवा आणि पोलिसांत जा.

वही उलटी करा: मुलाखत

मागच्या बाजूनं लिहिलेली कामं इथे उपयोगी पडतात. आठवड्यातून एकदा, शनिवारी, दोन-तीन ओळी. काय अडलं होतं, मी काय केलं, मग काय झालं. आकडा असेल तर आकडा.

टेबलापलीकडून मी खूप मुलाखती घेतल्या. हुशार मुलं ज्या चुकीनं सर्वांत जास्त घसरतात, ती मी स्वतःही केली आहे. माझी पहिली नोकरी एका छोट्या ऑफिसात होती. तिथे पगार वेळेवर होत नसे आणि हिशेबावरून रोज बोलणी बसत. दुसरीकडे मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी साधं विचारलं, "नोकरी का सोडताय?" मी दहा मिनिटं बोलत होते. एकही गोष्ट खोटी नव्हती. पण समोरच्या दोघांनी पेनं खाली ठेवली, आणि ती नोकरी मला मिळाली नाही. पुढे मी त्या खुर्चीत बसले तेव्हा कळलं की ऐकणारा त्या वेळी मनात एकच प्रश्न विचारत असतो: उद्या आमच्याबद्दल ही बाहेर असंच बोलेल का?

मग खरं कारण लपवायचं का? नाही. दोन वाक्यांत घटना सांगा आणि पुढे काय हवंय तिकडे वळा. "गेल्या वर्षी चार महिने पगार उशिरा झाला. मला स्थिर ठिकाणी क्वालिटीचं काम शिकायचंय, तुमच्याकडे ते आहे म्हणून आले." बस. त्यांनी खोदून विचारलं तरी साहेबांच्या स्वभावावर जाऊ नका.

विशेषणांची चूक वर आलीच आहे. 'मेहनती' ऐवजी काय? स्टोअरमधल्या एका मुलाच्या वहीत ओळ होती: "बोल्टच्या डब्यांवर लेबल नव्हती, रोज शोधाशोध. दोन रविवार येऊन लेबल लावली. आता कुणी विचारायला येत नाही." त्याला हे सांगण्यासारखं वाटतच नव्हतं! मी म्हटलं, पहिलं वाक्य हेच ठेव. दोन रविवार फुकट आलेला मुलगा मेहनती आहे की नाही, ते ऐकणारा ठरवील.

'सगळं येतं' म्हणू नका. एकानं एक्सेलमध्ये पारंगत असं लिहिलं होतं, आम्ही लॅपटॉप पुढे करून दोन याद्या व्हीलुकअपनं जुळवायला सांगितल्या. त्याचे हात थांबले ते मला अजून आठवतात. "बेरजा आणि फिल्टर येतात, व्हीलुकअप शिकतोय" असं लिहिलं असतं तर तो मुलगा आम्ही घेतला असता.

पगाराचा आकडा बोलताना सीटीसी (कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च) आणि हातात येणारा पगार यांत गल्लत होते. सीटीसीमध्ये कंपनी भरते तो पीएफचा भाग, बऱ्याच ठिकाणी ग्रॅच्युइटी आणि विमाही धरलेला असतो. "माझा सध्याचा हातात येणारा पगार इतका आहे" असं स्पष्ट म्हणा आणि त्यांचा आकडा कुठला तेही विचारा. सध्याचा पगार फुगवून सांगू नका, पुढे पगारपत्रक मागतातच.

वेळेचं. गावातली मुलं मकरपुऱ्यापर्यंत ठीक पोचतात, पण आता कारखाने सावलीजवळ मंजुसरला आहेत, हालोलला आहेत. आदल्या दिवशी त्याच वेळेला एकदा जाऊन या, गेट कुठलं तेही पाहून ठेवा. मोठ्या कारखान्यात चुकीच्या गेटवरून बरोबर गेटवर जायला आणि गेट पास करायला सहज २० मिनिटं जातात. पावसाळ्यात विश्वामित्री नदीकडे लक्ष ठेवा. ऑगस्ट २०२४ च्या पुरात अर्धं गाव अडकून पडलं होतं. अशा दिवशी मेसेज टाकून गप्प बसू नका, फोन करा, दुसरी वेळ मागा. कुठलीही समंजस कंपनी देते.

भाषेबद्दल आपल्या मुलांना उगाच कमीपणा वाटतो. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, मित्रांत हिंदी, शाळेत चौथंच काहीतरी. मुलाखतीत इंग्रजी अडलं तर "हा भाग मी हिंदीत सांगू का?" असं विचारणं चालतं. शॉप फ्लोअरच्या कामाला तर चार भाषांत बोलता येणं ही मोठी जमेची बाजू आहे. ती बायोडेटात कुठेतरी तळाशी का लिहिता?

"तुम्हाला काही विचारायचंय?" याला "नाही" म्हणू नका. दोन प्रश्न वहीत लिहून न्या: पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा असेल? हे पद नवं आहे की आधीचं कुणी सोडून गेलंय? दुसऱ्याचं उत्तर देताना समोरचे एकमेकांकडे पाहतात का, तेही बघा. साहेब कसे असतील याचा अंदाज तिथे येतो.

बोलताना चूक झालीच तर तिथेच सुधारा. "मघाशी मी दोन वर्षं म्हणाले, ते दीड वर्ष आहे." इतकं साधं. घरी आल्यावर त्यांनी विचारलेले सगळे प्रश्न वहीत उतरवा. तिसऱ्या मुलाखतीपर्यंत तुमच्याकडे स्वतःची प्रश्नपत्रिका तयार होते.

वाचन कुठून सुरू करायचं

माझं उत्तर ऐकून मुलं चकित होतात: तुमच्या अपॉइंटमेंट लेटरपासून. नोटीस पिरियड किती, बदलीची अट काय, बाँड आहे का, कुठल्या कारणानं काढू शकतात. मी नोकरीत असताना सहीच्या वेळी हे पूर्ण वाचणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाहिली. राजीनामा लिहायच्या दिवशी ते पहिल्यांदा वाचलं जातं. त्यानंतर वर सांगितलेला २०१३ चा कायदा वाचा, तो लांबलचक नाही.

पुस्तकांकडे वळायचं तर बडोद्याइतकं सोयीचं गाव शोधून सापडणार नाही. सयाजीराव महाराज १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाण्याहून दत्तक आले तेव्हा १२ वर्षांचे होते आणि त्यांचं खरं शिक्षण तिथून पुढे सुरू झालं. त्याच माणसानं १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगाव मोफत वाचनालयं उभी केली. जिथे वाचनालय नव्हतं तिथे लाकडी पेटीतून पुस्तकं फिरत. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी त्यातलीच. तिथे मराठी पुस्तकं भरपूर आहेत, आणि आपल्या घरांतून तिथवर चालत जाता येतं.

गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये इथे नोकरीला लागले. काम काय, तर महाराजांना वाचून दाखवायचं, पुढे राजपुत्रांना शिकवायचं. नोकरी म्हणून वाचताना, शिकवताना ते टिपणं काढत गेले, आणि त्या टिपणांतून रियासती, म्हणजे त्यांचे इतिहासाचे ग्रंथ, उभ्या राहिल्या. १९२५ मध्ये ते नोकरीतून बाहेर पडले ते रियासतकार म्हणूनच. आपल्याला रियासत लिहायची नाही. पण हातात वही ठेवून वाचणं काय करू शकतं, ते यापेक्षा चांगलं मला सांगता येणार नाही.

'आयुष्य बदलून टाकणारी' पुस्तकं एकामागून एक संपवणारी मुलं मी पाहते. पुस्तक संपतं, दोन दिवस उत्साह राहतो, मग पुढचं. यांतली पुष्कळशी पुस्तकं पुन्हा विशेषणंच देतात: सकारात्मक व्हा, आत्मविश्वासू व्हा. मी आत्मचरित्रं, पत्रं, दैनंदिन्या आणि चांगल्या कादंबऱ्या वाचायला सांगते. त्यांत माणसं एका खोलीत समोरासमोर येतात, भांडतात, चुकतात, आणि कोण नेमकं काय बोललं ते लिहिलेलं असतं. आपल्याला शिकायचंय तेच.

पद्धत साधी आहे. वहीच्या पुढच्या बाजूची एक अडचण निवडा. समजा, वरिष्ठाला नाही म्हणता येत नाही. महिनाभर एकच पुस्तक, आणि त्यात कुणी कुणाला नाही म्हटलं की तेवढी जागा टिपायची. शब्द काय वापरले, समोरच्यानं काय केलं. त्यातलं एक वाक्य सोमवारी आपल्या भाषेत वापरून पाहायचं. जमलं नाही तर तेही लिहायचं. हालोलच्या कंपनी बसमध्ये जाताना-येताना भरपूर वेळ मिळतो. तेव्हा फोन बॅगेत टाका.

आणि रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचा. मुलाखतीत आवाज खाली जाणं, वाक्य अर्धवट सोडणं, 'म्हणजे, ते, आपलं' यांनी जागा भरणं, यावर याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही. आईला किंवा आजीला वाचून दाखवा, तिचाही वेळ चांगला जातो. मन लावून ऐकणारं कुणी असलं की वाक्य पूर्ण करावंच लागतं.

ती मुलगी आता मंजुसरला एका कंपनीत आहे, हाताखाली चार माणसं आहेत. दिवाळीत फराळ घेऊन आली तेव्हा पिशवीतून वही काढली. दुसरी वही होती. म्हणाली, काकू, हे वाचा. ऑक्टोबरमधलं पान होतं, २९ तारीख, दुपारी ४.२०, पॅकिंगजवळ. तिघे समोर होते. "मी स्टोअरच्या मुलाला म्हणाले, डोळे आहेत का तुला? तो काही बोलला नाही. मालाचं चलन माझ्याच टेबलावर होतं." खाली परिणामाची ओळ कोरी होती.

मी विचारलं, मग? म्हणाली, सुट्टी संपली की पहिल्या दिवशी चहानंतर त्याला गाठणार आहे, त्या तिघांसमोरच. वाक्यं तयार आहेत, तुम्ही एकदा ऐकता का?

मी गॅस बंद करून बाहेर येऊन बसले.